जिवतीचा कागद

आमच्या लॅबमध्ये गजरा चालत नाही. अत्तर, सुवासिक तेल, नेलपॉलिश, देवापुढची उदबत्ती, काहीच चालत नाही. आपल्याला जो नुसता वास वाटतो, ते खरं तर हवेतून पसरणारं रसायन असतं आणि इन्क्युबेटरमधल्या एवढ्याशा गर्भाला ते सोसत नाही. म्हणून शुक्रवारी सकाळी काकूनं माळलेला गजरा मी केंद्राच्या दारातच काढते, ओल्या रुमालात गुंडाळून लॉकरमध्ये ठेवते आणि घरी जाताना पुन्हा माळते. काकूला हे माहीत आहे. “तिथवर तरी ऱ्हाईल ना डोक्यात,” म्हणते ती.

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, वीस वर्षं झाली. टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्रात डॉक्टर स्त्रीबीजं काढतात तिथपासून तयार गर्भ आईच्या पोटात सोडतात तिथपर्यंत, मधले पाच-सहा दिवस त्या गर्भाला सांभाळायचं, हे माझं काम. टेस्ट ट्यूब नावापुरतीच. प्रत्यक्षात तळहातात मावेल अशी चपटी प्लास्टिकची डिश असते, तिच्यात तेलाखाली पोषक द्रवाचे थेंब असतात आणि एकेका थेंबात एकेक गर्भ. बाहेर मुंबईचा घाम, लोकलची गर्दी, पाऊस. आत ३७ अंश, अंधार आणि मोजून सोडलेला कार्बन डायऑक्साइड.

मराठीत बाईला ‘दिवस जातात’. गरोदर, गर्भवती हे शब्द कागदावरचे; बायका आपसांत ‘तिला दिवस गेलेत’ असंच म्हणतात. पाळीची तारीख येते, उलटून जाते, आणि मग एकेक दिवस मोजला जातो. आमच्या लॅबमध्येही दिवसच मोजतात. शून्यावा दिवस, पहिला, तिसरा, पाचवा. मी या कामाला लागले तेव्हा हा शब्द मला पहिल्यांदा नीट ऐकू आला, आणि त्याबरोबर हेही लक्षात आलं की जिला दिवस गेले नाहीत, तिचेही दिवस गेलेलेच असतात. माझ्या काकूचे असे पुष्कळ दिवस गेले.

लालबागच्या चाळीत काका-काकू आमच्या शेजारच्याच खोलीत राहायचे. श्रावण जवळ आला की बाजारात जिवतीचे कागद यायचे. पिवळट, पातळ, हातात घेतला की शाई बोटाला लागणारे. वर हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह, कालियाच्या फण्यावर कृष्ण, मधे मुलं खेळवणाऱ्या जरा आणि जिवंतिका, खाली बुध-बृहस्पती. ज्यांच्या घरी लेकरं, त्या आया हा कागद भिंतीला लावतात, आघाडा-दूर्वांची माळ घालतात आणि श्रावणातल्या शुक्रवारी पुरणाचे दिवे करून मुलांना ओवाळतात. काकूला मूल नव्हतं. तरी तिच्या भिंतीला कागद लागायचा, तिच्या चुलीवर पुरण शिजायचं आणि ओवाळायला ती मला हाक मारायची. एकदा चाळीतल्या एक आजी दारातूनच म्हणाल्या, “जिला लेकरू न्हाई तिनं जिवती कशाला पुजायची?” काकूनं हातातलं ताम्हन खाली ठेवलं नाही. ओवाळून झालं, माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या, मग तिनं पदर तोंडाला लावला. चाळीत कुणाचं बारसं असलं की काकू भांडी घासायला सगळ्यांत पुढे असायची, पण बाळाला पाळण्यात घालायला तिला कुणी बोलवत नसे. मी लहान होते. मला ते काकूचं काम आणि बाकीच्यांचं काम असं वेगळं वाटायचं.

६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून झालेली, शास्त्रीय नोंदींसह मांडली गेलेली भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. आमची चाळ तिथून पायी पंधरा मिनिटांवर. श्रावण लागायचे दिवस होते. आईनं काकूला पेपरमधली बातमी वाचून दाखवली. काकूनं तो तुकडा शिवणाच्या कात्रीनं कापला, भाताची खळ केली आणि जिवतीच्या कागदाशेजारी भिंतीला चिकटवला. मी नऊ वर्षांची होते. मी विचारलं, “काकू, ही पण जिवती का?” ती म्हणाली, “व्हय, हीबी.”

काकू तेव्हा ३९ वर्षांची होती. काकांची गिरणी १८ जानेवारी १९८२ च्या संपापासून बंद पडली होती ती कायमची. काकूनं कधीतरी विषय काढला असावा, कारण काका जे बोलले ते भिंतीपलीकडे मला ऐकू आलं. “आता काय करायचंय? वय बी गेलं, गिरणी बी गेली.” त्यानंतर ती बोलली नाही. बातमीचा तुकडा मात्र तिथेच राहिला. चुलीच्या धुरानं पिवळा पडला, तपकिरी झाला, त्यातला फोटो दिसेनासा झाला. खळ इतकी घट्ट की तो कधी निघालाच नाही. चाळ पाडली तेव्हा भिंतीबरोबर गेला.

काकूला मूल का झालं नाही, हे मला कळलं ते या पेशात आल्यावर. तिचं माहेर पाटण तालुक्यातलं. सोळाव्या वर्षी तिला क्षय झाला होता, वर्षभर इंजेक्शनं घेऊन ती बरी झाली, मग लग्न. क्षयाचे जंतू फुप्फुसांतून रक्तावाटे गर्भनलिकांपर्यंत पोचू शकतात आणि तिथे वर्षानुवर्षं गुपचूप राहून नळ्या आतून जखडून टाकतात. पुष्कळदा पोटात दुखत नाही, ताप येत नाही, पाळीही वेळच्या वेळी येते. बाईला काही कळतच नाही, फक्त मूल होत नाही. गिरणगावातल्या दाटीवाटीच्या खोल्यांत क्षय घराघरांत होता. अशा किती जणींच्या कपाळी ‘वांझ’ हा शब्द चिकटला असेल, या विचारानं आजही माझा जीव तुटतो. आणि टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र मुळात निघालं ते अशाच बायकांसाठी. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला जगातलं पहिलं असं बाळ जन्मलं, त्याच्या आईच्या नळ्या बंद होत्या. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी त्या बंद नळीला वळसा घातला. काकूला क्षय झाला त्याच्या पंधरा वर्षं नंतर.

काकांची तपासणी कधीच झाली नाही. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाच्या बाजूचंही काही कारण असतं, हे मी रोज पाहते. तेव्हा एका दवाखान्यात काकूला विचारलं गेलं, “घरात अजून कुणी वांझ आहे का?” काका बाहेर बाकावर बसले होते. त्यांना कुणी आत बोलावलं नाही, आणि तेही आले नाहीत.

शून्याव्या दिवशी स्त्रीबीज माझ्या हातात येतं. मिलिमीटरचा दहावा भाग एवढं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिश सूक्ष्मदर्शकाखाली घेते तेव्हा बीजाच्या मधोमध दोन गोल वर्तुळं शेजारी शेजारी टेकून दिसतात. एक आईचं, एक बापाचं. प्रत्येकात २३ गुणसूत्रं, निम्मा निम्मा वाटा. काही तासांत ती वर्तुळं विरघळतात. पुढे कधीही, त्या माणसाच्या अख्ख्या आयुष्यात, ती अशी वेगवेगळी दिसत नाहीत. हे मी हजारो वेळा पाहिलं असेल. अजूनही त्या क्षणी माझा श्वास हळू होतो.

मग दोन पेशी, चार, तिसऱ्या दिवशी आठ. पहिले दोन-तीन दिवस गर्भ आईनं बीजात बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतो. चार ते आठ पेशींच्या सुमारास ती शिदोरी सरत येते आणि त्याची स्वतःची जनुकं जागी होतात. पुष्कळ गर्भ इथेच थांबतात. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट बिलगून तुतीच्या फळासारख्या दिसतात. पाचव्या दिवशी आत पाणी साठतं, पोकळी होते, आणि गर्भ बुडबुड्यासारखा फुगतो. एका कडेला पेशींचा लहानसा पुंजका असतो, त्याचं बाळ होणार. बाहेरचा पातळ थर, त्याची वार. हा बुडबुडा मधेच आक्रसतो, पुन्हा फुगतो, आणि शेवटी कवचाला पडलेल्या फटीतून हळूहळू बाहेर येतो. अर्धा आत, अर्धा बाहेर असताना तो मराठी चारच्या आकड्यासारखा दिसतो. गर्भोपनिषदात म्हटलंय की एका रात्रीत कलल होतं, सात रात्रींत बुद्बुद. ज्यानं हे लिहिलं त्यानं सूक्ष्मदर्शक पाहिला नव्हता, बाईच्या पोटातला सातवा दिवस पाहिला नव्हता. तरी त्याला बुडबुडाच सुचला, याचं मला फार वाटतं. ज्ञान म्हणून नव्हे. इतक्या नाजूक गोष्टीविषयी माणूस इतक्या काळापासून इतक्या मायेनं विचार करतोय, म्हणून.

फलित झालेल्या बीजांपैकी पाचव्या दिवसापर्यंत लॅबमध्ये साधारण निम्मीच पोचतात. पोटात सोडलेल्यांपैकीही सगळी रुजत नाहीत. निसर्गातही असंच चालतं; पाळी चुकायच्या आधीच कितीतरी गर्भ थांबून वाहून जातात आणि त्या बाईला कळतही नाही. बहुतेक वेळा कारण गुणसूत्रांच्या वाटणीत असतं. आणि ही वाटणी सुरू कधी होते? मुलगी आपल्या आईच्या पोटात असताना. तिची सगळी बीजं तेव्हाच तयार होतात, गुणसूत्रं वाटून द्यायला बसतात आणि मधेच थांबतात. मग वीस, तीस, चाळीस वर्षांनी, ते बीज बाहेर पडायच्या वेळी, अर्धी राहिलेली वाटणी पुढे सरकते. इतकी वर्षं ताटकळलेल्या कामात चूक होणारच. त्यात कुणाचाही दोष नाही. हे वाक्य मी पेशंटसमोर इतक्या वेळा म्हटलंय, आणि दर वेळी ते पुरेसं पडत नाही.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो दिवस. मी या कामात नवीन होते, आमचं केंद्र उपनगरात. दुपारी रस्ता दिसेनासा झाला, संध्याकाळी वीज गेली. जनरेटर चालू होता, पण डिझेल किती पुरेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मी आणि माझ्या वरिष्ठ, दोघींनी दोन रात्री लॅबमध्ये काढल्या. एसी बंद, दिवे बंद, फक्त इन्क्युबेटरवरचा आकडा चमकत होता. ३७.०. आम्ही आळीपाळीनं त्या आकड्याकडे बघत बसलो. आत एका बाईचे चार गर्भ होते, तिसऱ्या दिवसाचे. त्या दिवशी तिची ट्रान्सफर, म्हणजे गर्भ पोटात सोडणं, होती आणि ती येऊच शकली नाही. आम्ही त्यांना पाचव्या दिवसापर्यंत वाढू दिलं. २८ तारखेला ती आली. गाड्या बंद, रस्त्यावर गुडघाभर चिखल, कुजका वास, वाहून आलेल्या गाद्या. नवऱ्याचा हात धरून ती दोन तास चालत आली होती. चारातला एक गर्भ पाचव्या दिवसाला पोचला होता. सुंदर होता. तोच आम्ही सोडला.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. रुजला नव्हता. ती फोनवर मला म्हणाली, “मॅडम, मी चालत आले म्हणून झालं का?”

ती वाट तिनं कुठल्या जिद्दीनं चालली होती ते मी पाहिलं होतं, आणि तीच तिला आता गुन्हा वाटत होती. जिना चढले म्हणून, रिक्षानं आले म्हणून, पपई खाल्ली, अमावास्येला केस धुतले, सासूशी भांडले, मनात वाईट विचार आला. वीस वर्षांत ही यादी मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. एकाही पुरुषानं मला विचारलं नाही की माझ्या हातून काही चुकलं का. गर्भ सोडल्यावर झोपून राहिल्यानं फायदा होत नाही, हे अभ्यासांतून स्पष्ट झालंय; चालल्यानं तो पडत नाही. तिला हे मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिला पटलं असेल असं मला वाटत नाही, कारण तिच्या मागे तिच्या आजीपासूनचं सगळं बोलणं उभं होतं.

अधूनमधून कुणीतरी व्यासपीठावरून सांगतं की कौरव टेस्ट ट्यूब बेबीच होते, आपल्याकडे हे सगळं होतं. मला ते ऐकून त्रास होतो. एकतर ज्यांनी रात्री जागून हे तंत्र उभं केलं त्यांच्यावर तो अन्याय आहे. आणि दुसरं, तसं म्हणणाऱ्यांनी ती गोष्ट मन लावून वाचलेली नसते. गांधारीला दोन वर्षं दिवस गेलेले असतात आणि बाळ येत नाही. कुंतीला मुलगा झाल्याचं कानावर येतं आणि ती स्वतःच्या पोटावर आघात करते. लोखंडासारखा घट्ट मांसाचा गोळा बाहेर पडतो. व्यास त्याचे अंगठ्याएवढे तुकडे करून तुपाच्या कुंभांत ठेवायला लावतात, आणि पुन्हा दोन वर्षं थांबायला सांगतात. शंभर मुलगे होणार हे ठरल्यावरही तिच्या मनात येतं की एक मुलगी असती तर. म्हणून एक तुकडा जास्तीचा, तीच दुःशला. ही कथा बाईच्या वाट पाहण्याची आहे. माझ्या केंद्रात भिंतीवर पाटी आहे की इथे लिंगनिदान होत नाही. महाराष्ट्रानं त्यासाठीचा कायदा देशाच्या आधी, १९८८ लाच केला. तरी बाहेरच्या खुर्चीवरून हळूच प्रश्न येतो, “मुलगाच बघून टाकता येईल का?” अशा वेळी मला गांधारी आठवते, शंभरांवर एक मुलगी मागणारी.

पण महाभारतातली माझी खरी बाई गांधारी नव्हे. ती जिवतीच्या कागदावर आहे. जरा.

मगधाच्या बृहद्रथ राजाला दोन राण्या, मूल नाही. एका ऋषीनं दिलेला आंबा राण्यांनी अर्धा अर्धा खाल्ला आणि दोघींना अर्धं अर्धं मूल झालं. एक डोळा, एक हात, एक पाय, अर्धं तोंड. दायांनी ते अर्धे देह झाकून चव्हाट्यावर टाकले. तिथे जरा नावाची राक्षसीण आली. तिनं ते दोन तुकडे उचलले आणि न्यायला सोपं जावं म्हणून एकमेकांना लावले. लावताक्षणी ते सांधले आणि बाळ मूठ तोंडात घालून रडू लागलं. तिनं ते खाल्लं नाही, पळवलं नाही. राजाकडे नेऊन दिलं. जरेनं सांधला तो जरासंध. त्याच गोष्टीत ती सांगते की घराघरांत भिंतीवर माझं मुलांसह चित्र काढतात. श्रावणात लालबागच्या बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारा कागद तो हाच.

ती त्या मुलाची आई नव्हती. दाई नव्हती, नात्यातली नव्हती. लोकांनी टाकून दिलेले दोन अर्धे तिच्या हातात आले, तिनं ते जोडले आणि पूर्ण मूल ज्याचं त्याला परत केलं. सकाळी डिशमध्ये दोन वर्तुळं शेजारी दिसतात तेव्हा मला ती आठवते. तिला कुणी विचारलं नाही की तुला लेकरू आहे का, मग तू कशाला भिंतीवर. काकूनं ही गोष्ट ऐकली नव्हती. मी सांगितली तेव्हा ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “राक्षसीण व्हय ही? मला वाटायचं कुणाची तरी आत्या असंल.”

पाश्चात्त्य लेखकांनीही कुंभ मांडले, पण त्यांच्याकडे कुंभाशेजारी बाई दिसत नाही. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेननं १९२३ ला केंब्रिजमध्ये एक भाषण दिलं. त्यात शरीराबाहेर वाढवलेलं पहिलं बाळ १९५१ ला जन्मेल, अशी कल्पना त्यानं एका भावी विद्यार्थ्याच्या निबंधातून रंगवली होती. नऊ वर्षांनी ऑल्डस हक्सलीनं ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये बाटल्यांत वाढणाऱ्या बाळांचा कारखानाच उभा केला, तिथे ‘आई’ हा शब्दच अश्लील. हाल्डेन पुढे १९५७ ला भारतात आले आणि भुवनेश्वरला वारले. २०१७ ला फिलाडेल्फियात अपुऱ्या दिवसांची कोकरं चार आठवडे द्रवानं भरलेल्या पारदर्शक पिशवीत जगवली गेली, त्याची छायाचित्रं मी पाहिली. पिशवीत कोकरू झोपेत पाय हलवत होतं. हे तंत्र उद्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वाचवणार असेल तर ते यावंच. माझं मन फक्त त्या कोकराच्या आईकडे गेलं.

आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’, मृत अवयव जोडून जीव घडवणाऱ्या माणसाची कादंबरी, लिहिणारी मेरी शेली. आमच्या कामाला नावं ठेवायची असली की लोक त्या पुस्तकाचं नाव घेतात. तिची आई तिला जन्म देऊन बाळंतज्वरानं गेली होती. तिचं स्वतःचं पहिलं बाळ अपुऱ्या दिवसांचं, काही दिवसांतच गेलं. १८१५ च्या मार्चमध्ये तिनं रोजनिशीत स्वप्न लिहून ठेवलंय की बाळ नुसतं गारठलं होतं, शेकोटीजवळ चोळलं आणि ते जगलं. त्यानंतर वर्षभरानं ती कादंबरीला बसली. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. २६ जुलैच्या रात्री ३७.० या आकड्याकडे पाहत बसलेल्या आम्हा दोघींना हे माहीत नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा मला ती रात्र आठवली.

कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ओल्डहॅमच्या बाळानंतर अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, त्यांच्या प्रयत्नांतून कोलकात्यात एक मुलगी जन्मली. गोठवलेला गर्भ वापरून, जे तोवर जगात कुठे झालं नव्हतं. सरकारनं नेमलेल्या समितीनं त्यांचा दावा खोटा ठरवला, पुढे त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत केली. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. १९९७ ला परळचे डॉ. आनंदकुमार कोलकात्याला गेले असताना मुखर्जींची हस्तलिखितं त्यांच्या हातात आली. त्यांनी ती तपासली आणि जाहीरपणे लिहिलं की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार सुभाष मुखर्जी आहेत. जो मान स्वतःच्या नावावर होता, तो मेलेल्या माणसाला त्यांनी आपल्या हातानं देऊन टाकला. परळच्या रस्त्यानं जाताना मी त्या संस्थेच्या फाटकाकडे मान वळवून बघतेच. काकूनं भिंतीवर लावलेल्या बातमीत या माणसाचाही वाटा होता.

काकू आता ७८ वर्षांची आहे. चाळीच्या जागी टॉवर झालाय, तिची खोली एकोणिसाव्या मजल्यावर. जिवतीचा कागद आता ती टाइल्सवर सेलोटेपनं लावते. यंदा मी तिला मोबाइलवर शिकवण्यासाठीचा एक व्हिडिओ दाखवला. टाइम-लॅप्स, पाच दिवस दीड मिनिटात. दोन वर्तुळं, मग दोन पेशी, चार, आठ, तुती, बुडबुडा. तिनं चष्मा लावून तीनदा पाहिला.

“एवढंसं असतंय?”

“याहून लहान, काकू. पेनाचं टिंब असतं ना, त्याच्यापेक्षाही.”

ती गप्प बसली. मग म्हणाली, “माझं केवढं झालं असंल गं?”

घरात याला नेहमी ‘काकूचं पोटाचं ऑपरेशन’ म्हणायचे. आईनं मला एकदाच सांगितलं होतं की नळीत राहिलं होतं. जखडलेल्या नळीत कधीतरी असं होतं. गर्भ गर्भाशयापर्यंत पोचत नाही, वाटेतच रुजतो आणि नळी फुटते. काकू स्वतः यावर एक अक्षर बोलली नव्हती. आता तिनं सांगायला सुरुवात केली. १९६७ चं साल. घट बसले त्या दिवशी ती बाहेर बसलेली, म्हणून घटाला हात लावला नव्हता. त्यानंतर पाळी आलीच नाही. कुणाला सांगितलं नाही, दिवाळी तशीच गेली. मग एका पहाटे नळावर हंडा उचलताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ऑपरेशन झालं, एक नळी काढली. पाटणहून तिची आई उस्तवार करायला निघणार होती. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, चाळीतली भांडी फडताळावरून खाली आली, माहेरच्या घराची भिंत पडली. आई आली नाही. “टाके ओले व्हते, मी एकलीच पडून व्हते,” काकू म्हणाली. “वरून माती झडत व्हती.”

मी बोटांवर आठवडे मोजले. साडेसात, आठ. “हरभऱ्याहून थोडं मोठं झालं असेल,” मी म्हणाले. “काळीज धडधडायला लागलं असणार.”

मग मी तिला ते सांगितलं जे मला फार दिवसांपासून सांगायचं होतं. गर्भाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि तिथेच राहून जातात. १९९६ ला डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुलगा होऊन २७ वर्षं झालेल्या आईच्या रक्तात त्याच्या पेशी सापडल्या. २०१२ ला ५९ मृत स्त्रियांचे मेंदू तपासले, त्यातल्या ३७ जणींच्या मेंदूत पुरुषाचा डीएनए होता, बहुधा पोटात वाढलेल्या मुलग्याचा; त्यांतली सर्वांत वयस्कर ९४ वर्षांची होती. दिवस पुरे व्हावेच लागतात असंही नाही. मधेच गेलेल्या गर्भाच्या पेशीही राहू शकतात.

“म्हंजे थोडं ऱ्हायलंय?”

“तुझ्यात आहेच असं मी छातीठोक सांगू शकत नाही, काकू. पण असू शकतं.”

तिनं हात पोटावर नेला नाही, रडली नाही. आघाड्याची पानं निवडत बसली. माझ्या मनात रोजच्या सवयीनं हिशेब सुरू झाला होता. पाळीचा पहिला दिवस, त्यात नऊ महिने आणि सात दिवस. घटस्थापना म्हणजे ऑक्टोबरची सुरुवात, म्हणजे जुलैचा दुसरा आठवडा, १९६८. ओठ हलले असावेत माझे. काकूनं वर पाहिलं.

“मोजतीयास व्हय?” ती म्हणाली. “मी तवाच मोजलं व्हतं. आषाढी पुनव. दिव्याच्या अवसेच्या आत बारसं झालं असतं.”